भर जूनमध्ये लोकर? शोभतं का हे!

नाव घेणार नाही. घेतलं तर गणपतीच्या जेवणात माझ्या पानात मोदक पडायचा नाही, कारण वाढायला त्याच असतात. एवढंच सांगते की मिसिसॉगात राहतात आणि आम्ही सगळ्या त्यांना काकू म्हणतो. एका बँकेत उभा जन्म काढला, मुलं मार्गाला लागली, घराचं कर्ज फिटलं आणि २०२४ च्या डिसेंबरात ऑफिसातल्यांनी केक कापून त्यांना रीतसर निरोप दिला. आता अशा बाईनं पुढं कसं वागायचं असतं, हे काय शिकवायला हवं? दुपारी डुलकी काढावी. संध्याकाळी मालिका लावावी. हिवाळ्यात पुण्याला जाऊन कॅनडाच्या बर्फाच्या गोष्टी सांगाव्यात आणि उन्हाळ्यात कॅनडात येऊन पुण्याच्या ट्रॅफिकच्या. नातवंडं सांभाळावीत, गुडघ्यांना तेल लावावं. सगळ्या करतात ते करावं.

काकूंनी लोकर काढली, आणि मे आला तरी आत ठेवली नाही.

बरं, इथला मे म्हणजे काय, हे भारतातल्या वाचकांना सांगायला हवं. सहा महिने खिडकीतून बर्फ बघून झाल्यावर व्हिक्टोरिया डेचा सोमवार येतो. २०२५ साली तो १९ मेला आला. तो गेला की रात्रीचं दंव संपलं असं धरून चालायचं आणि टोमॅटो-मिरचीची रोपं जमिनीत लावायची. त्या आठवड्यात अर्धं ओंटारिओ नर्सरीत असतं. आमची मराठी मंडळी वाफ्यात मेथी-कोथिंबीर पेरतात, अळूच्या कांद्यांची देवाणघेवाण करतात, बार्बेक्यूवर कणसं भाजतात. आणि काकू? बॅकयार्डमध्ये खुर्ची टाकून मांडीवर हे एवढं लोकरीचं भेंडोळं! शेजारणीनं विचारलं, ‘उकडत नाही का हो?’ तर म्हणाल्या, ‘लोणचं कधी घालता तुम्ही? जेवायला बसल्यावर?’ अशी उत्तरं देतात. बँकेत होत्या तेव्हा नव्हत्या देत.

एकट्या काकूंची गोष्ट असती तर मी तोंड उघडलं नसतं. पण साथ आहे, साथ! ओकव्हिलच्या एक शिक्षिका निवृत्त झाल्या आणि आता क्रोशाच्या सुईशिवाय बोलत नाहीत. स्कारबरोच्या एका बाईंच्या घरी माणसं दोन आणि शिलाई मशीनं तीन. ब्रॅम्प्टनमध्ये तर दर बुधवारी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये बैठक भरते. तिथं फराळ नसतो, भजन नसतं, कुणाच्या सुनेबद्दल एक शब्द निघत नाही. अहो, मग जमायचं कशासाठी?

पहिला बळी डायनिंग टेबलाचा गेला. आठ खुर्च्यांचं शिसवी रंगाचं टेबल, त्यावर दिवाळीला आम्ही जेवलोय. तिथं आता मशीन आहे. लग्नात मिळालेलं पायानं मारायचं मशीन वेगळं, ते पुण्यात धाकट्या जावेकडे आहे. त्यावर काकूंनी परकर-पोलकी शिवली, उशांचे अभ्रे शिवले, अख्ख्या वाड्याच्या पडद्यांना दुमड घातली. या नव्या मशीनला काचेचा पडदा आहे. तो बोटानं दाबायचा, टाका निवडायचा, दोरा आपला आपण कापला जातो. किंमत काकांना अजून सांगितलेली नाही. ‘सेलमध्ये मिळालं’ एवढंच त्यांना माहीत आहे, आणि तेवढंच माहीत असणं दोघांच्या तब्येतीला बरं.

या मशीनवर शिवतात काय? गोधडी. आता गोधडी आम्हाला काय नवी आहे! आमच्या आज्यांनी जन्मभर गोधड्या शिवल्या. जुनी लुगडी, विरलेली धोतरं आणि नाइलाज, एवढंच सामान. दुपारी चौघी बसायच्या, मध्ये जुनेर पसरायचं आणि चारी कडांनी धावदोरा घालत घालत मध्यावर यायचं. कापड फाटलेलं असायचं म्हणून जोडायचं, हा त्यातला साधा तर्क. काकूंचा तर्क ऐका. दुकानातून कोरं करकरीत सुती कापड आणायचं, मीटरला वीस डॉलर नाहीतर त्याच्याही पुढे. ते धुवायचं, त्याला इस्त्री करायची आणि मग गोल पात्याच्या कटरनं त्याचे अडीच-अडीच इंचांचे तुकडे करायचे. आणि मग ते तुकडे पुन्हा एकमेकांना जोडायचे! चांगलं अख्खं होतं ना, बाई! दुकानवाल्यांनाही हे खूळ कळलंय. ते १८ बाय २२ इंचांचे तुकडे आधीच फाडून, घडी घालून, रिबीन बांधून विकतात. आपल्याकडे शिंपी ज्या चिंध्या पोत्यात भरून फुकट द्यायचा, त्या इथं रिबीन लावून विकल्या जातात.

शिलाई पाव इंचावर. पाव इंच म्हणजे पाव इंच. एका धाग्याचा फरक पडला तरी पुढं कोपऱ्याला कोपरा मिळत नाही म्हणे, आणि मग उसवायचं. उसवायला वेगळं हत्यार आहे, दुतोंडी, एका टोकाला बारीक लाल मणी असलेलं. मी एका दुपारी गेले होते तेव्हा काकूंनी माझ्याशी बोलता बोलता वीतभर शिवण उसवली, पुन्हा शिवली, भिंगातून पाहिली आणि परत उसवली. चहा विचारला नाही. आणि एवढं करून वरचा थर तयार झाला की खाली अस्तर, मध्ये कापसाचा थर लावून गोधडी कुणा दुसऱ्या बाईकडे पाठवतात, कारण तिच्याकडे लांब दांड्याचं मोठं मशीन आहे. ती चौरस इंचाच्या दरानं टाके घालून देते. म्हणजे गोधडी शिवायचा छंद, आणि गोधडी शिवायला बाहेर दिली! आजी असत्या तर त्यांनी पदर तोंडाला लावला असता.

त्या टेबलावर नारिंगी मुठीची एक कात्री असते. ती कापडाची. तिनं कागद कापायचा नाही, सेलोटेप कापायची नाही, तिच्याकडे नुसतं आदरानं बघायचं. आता ओंटारिओत दूध पिशवीत मिळतं, हे भारतात कुणाला खरं वाटत नाही. चार लिटरच्या मोठ्या पिशवीत तीन छोट्या पिशव्या असतात, त्यातली एक प्लॅस्टिकच्या जगमध्ये उभी करायची आणि तिचा कोपरा कापायचा. एका रविवारी सकाळी काकांनी चहासाठी कोपरा कापला. कशानं कापला, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. काकू वरच्या मजल्यावर होत्या. नुसत्या आवाजावरून त्यांना कात्री कुठली ते कळलं म्हणे! पुढचे तीन दिवस घरात फक्त मशीन बोलत होतं. चौथ्या दिवशी काका डॉलरामा या स्वस्तातल्या दुकानातून स्वतःसाठी कात्री घेऊन आले, तिच्या मुठीवर मार्करनं ‘दूध’ असं लिहिलं आणि ती फ्रिजवर लोहचुंबकानं अडकवून ठेवली. पस्तीस वर्षं इंजिनिअर होता हा माणूस.

त्याहून मोठं प्रकरण तापमानाच्या ब्लँकेटचं. २०२५ च्या १ जानेवारीला सुरू केलं. रोजच्या कमाल तापमानाप्रमाणे रंग निवडायचा आणि त्या रंगाच्या दोन ओळी विणायच्या. वजा पंधराला जांभळा, शून्याच्या आसपास निळा, पुढं हिरवा, पिवळा, नारिंगी असा तक्ताच भिंतीवर लावलाय. हे खूळ जगभर आहे, पण मुंबईत त्याला काही मजा नाही, तिथं दोन रंगांत वर्ष निघेल. इथं मे महिन्यात एका आठवड्यात काकूंना पाच गुंडे बदलावे लागतात. तापमान पियर्सन विमानतळावरचंच घ्यायचं, असा नियम आहे. एकदा काकांनी गंमत म्हणून गॅरेजमधल्या थर्मामीटरचा आकडा सांगितला, तर त्या दिवशीचं विणकाम उसवून पुन्हा घातलं. काकूंच्या एका गोऱ्या मैत्रिणीचं ब्लँकेट फॅरनहाइटमध्ये आहे. कॅनडात १ एप्रिल १९७५ पासून हवामान सेल्सिअसमध्ये सांगतात, पण त्या बाईंनी ते अजून मनावर घेतलेलं नाही.

मग जून आला. शेवटच्या आठवड्याच्या तोंडावर टोरांटोत उष्णतेची लाट आली आणि २३ तारखेला पारा ३५ च्या वर गेला. लोक हैराण, सरकारी इशारे, म्हाताऱ्या माणसांना घरात बसा म्हणून सूचना. काकूही हैराण, पण कारण वेगळं. तक्ता ३५ ला संपत होता! त्यापुढचा रंगच घेतलेला नव्हता. कॅनडात राहून घेतो कोण? भर दुपारी काकांनी गाडी काढली, एसी पूर्ण लावला आणि काळपट लाल रंगाची एक लडी आणायला दोघं लोकरीच्या दुकानात गेली. पेट्रोल जाळून हवा तापवायची आणि मग तिची नोंद लोकरीत करून ठेवायची! याला काय म्हणावं?

खर्चाचं विचाराल तर त्याच्यावर आता देशभक्तीचं पांघरूण आहे. अमेरिकेनं आयातशुल्काचा बडगा उगारला आणि २०२५ च्या वसंतात सगळा कॅनडा ‘एल्बोज अप’ म्हणत कोपरं वर करून उभा राहिला. लोक दुकानात संत्र्यांवरची लेबलं वाचायला लागले. काकूंनी लोकरीवरची वाचली. न्यू ब्रन्सविक प्रांतात ब्रिग्ज अँड लिटल नावाची गिरणी आहे, १८५७ पासूनची, कॅनडातली सगळ्यात जुनी लोकरगिरणी. (साल ऐकून काकांना आधी झाशी आठवली.) तिची जाडीभरडी, हाताला मेंढी आहे असं सांगणारी लोकर खोक्यानं घरी आली. काका म्हणाले, ‘अगं, एवढी?’ काकू म्हणाल्या, ‘देशासाठी.’ कोपरं वर ठेवून विणलं तर टाके सुटतात, असं मी सहज म्हटलं. आवडलं नाही.

मग हडसन्स बे. १६७० साली स्थापन झालेली कंपनी, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्याही चार वर्षं आधीची. तिची दुकानं १ जून २०२५ ला कायमची बंद झाली. त्याआधी मार्चपासून सगळं विकायला काढलं होतं आणि पांढऱ्यावर हिरवा, लाल, पिवळा, गडद निळा असे पट्टे असलेल्या तिच्या प्रसिद्ध ब्लँकेटसाठी लोकांनी रांगा लावल्या. ज्यांनी वर्षानुवर्षं त्या दुकानात पाऊल टाकलं नव्हतं, तेही डोळे पुसत रांगेत. ते पट्टे आणि ते नाव पुढं कॅनेडियन टायरनं तीन कोटी डॉलरना घेतलं. टायर विकणाऱ्यांनी! काकू दुकानात पोचल्या तेव्हा ब्लँकेटं संपली होती, पण दुकानाचं सामानसुमान विकायला होतं. काकूंनी पुतळा आणला. बिनमुंडक्याचा, बाईचा. शिवलेले कपडे अंगावर बसतात का ते बघायला. जिन्याच्या वळणावर ठेवलाय. पहिल्या रात्री पाणी प्यायला उठलेले काका इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या पंजाबी कुटुंबानं दिवे लावले.

ब्लँकेट मिळालं नाही तर तसेच पट्टे आपण विणू, असा काकूंचा बेत होता. मुलीनं अडवलं. मुलगी इथं वाढलेली, तिला सगळ्याचा इतिहास माहीत असतो. तिनं सांगितलं की फरच्या व्यापारात ही पांघरुणं इथल्या मूळनिवासींना देऊन बीव्हरची कातडी घेतली जायची. आणि याच कंपनीनं व्हँकुव्हरच्या २०१० च्या ऑलिंपिकसाठी जो स्वेटर काढला, तो बघून व्हँकुव्हर बेटावरच्या कॉविचन विणकरणी संतापल्या होत्या, कारण तो त्यांच्या पिढीजात स्वेटरसारखा दिसत होता आणि त्यांनी विणलेला नव्हता. बराच गवगवा झाल्यावर त्यांचे खरे स्वेटरही कंपनीच्या व्हँकुव्हरच्या दुकानात ठेवायचं ठरलं. २०११ साली तर कॅनडा सरकारनं त्या विणकरणींच्या कामाला राष्ट्रीय ऐतिहासिक महत्त्व असल्याचं जाहीर केलं. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. पट्ट्यांचा बेत रद्द केला. पुतळा मात्र आहे.

आता भटकंती. इथं राहणाऱ्या मराठी माणसाला नायगारा ही सहल नाही, पाळी आहे. भारतातून मामेसासरे आले, चला नायगारा. भाचीचा नवरा आला, चला नायगारा. काकूंनी तो इतक्या वेळा पाहिलाय की आता धबधब्यानंच त्यांना ओळख द्यावी. त्या उन्हाळ्यात दीर-जाऊ आले तर काकूंनी त्यांना गो ट्रेनच्या स्टेशनवर नेलं, पासष्टीपुढच्यांना तिकीट अर्धं पडतं हे समजावलं, डबा हातात दिला आणि हात हलवून निरोप दिला. स्वतः मैत्रिणींच्या गाडीत बसून उलट दिशेला गेल्या. जाऊबाईंनी त्याच रात्री पुण्याला फोन लावला.

कुठं गेल्या? न्यू हॅम्बर्गला. किचनर-वॉटर्लूच्या बाजूला हे गाव आहे. तो सगळा मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा मुलूख, त्यांच्यातली जुन्या वळणाची कुटुंबं अजून काळ्या घोडागाडीतून फिरतात. तिथं मेअखेरीला १९६७ पासून एक मोठा सेल भरतो आणि त्यात हातानं शिवलेल्या रजयांचा लिलाव होतो. पैसा मेनोनाइट सेंट्रल कमिटीच्या मदतकार्याला जातो. स्वयंसेवक रजई टोकांना धरून उंच उभी करतात, लिलाव पुकारणारा श्वास न घेता आकडे सांगत सुटतो आणि लोक नुसती भुवई हलवून शेकडो डॉलर वाढवतात. काका सोबत होते. नाकावरची माशी हाकलली तरी रजई गळ्यात पडेल, या भीतीनं त्यांनी दोन्ही हात खिशातून बाहेर काढले नाहीत. काकू मात्र लिलावाआधी त्या रजयांजवळ जाऊन चष्मा वर करून एका इंचात किती टाके आहेत ते मोजत होत्या. एका रजईत इंचाला दहा भरले. हातानं घातलेले, सगळे एका मापाचे, पलंगभर. चार पावलं मागं गेल्या, पुन्हा पुढं आल्या, पुन्हा मोजले. तेवढेच भरले. परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होत्या, आणि मग एकदम म्हणाल्या, ‘आमच्या आजीची गोधडी आम्ही स्टेशनवर गादीवाल्याला देऊन टाकली.’ यावर कुणी काय बोलणार? टिम हॉर्टन्स आलं, तिथं उतरून सगळ्यांनी डबल-डबल कॉफी घेतली.

बाकीच्या सहलींचं काय सांगू! बर्लिंग्टनच्या रॉयल बोटॅनिकल गार्डन्समध्ये मेअखेरीला लायलॅक फुलतात, जगातल्या मोठ्या संग्रहांपैकी एक. माणसं तिथं फोटो काढायला जातात. या बायका लोकरीचे नमुने घेऊन गेल्या आणि कुठला जांभळा कुठल्या फुलाशी जुळतो ते बघत बसल्या. स्ट्रॅटफर्डला १९५३ पासून नाट्यमहोत्सव चालतो, लांबून लांबून लोक शेक्सपिअर बघायला येतात. यांनी नाटकाचं तिकीट काढलंच नाही. महोत्सवाच्या कपडेपटाचं भलंमोठं कोठार दाखवणारी फेरी असते, ती केली, आणि राण्यांच्या झग्यांना आतून अस्तर कसलं लावलंय ते उलटून बघायची परवानगी मागितली. आणि सगळ्यात कहर म्हणजे गोठे! ओंटारिओत शेतकऱ्यांनी आपापल्या लाकडी कोठारांच्या भिंतींवर आठ-आठ फुटांच्या फळ्यांवर गोधडीचे नमुने रंगवून लावलेत. ही टूम २००१ साली ओहायोत निघाली, आता इथं रस्तेच्या रस्ते त्यासाठी नकाशात दाखवतात. तर तिखटमिठाच्या पुऱ्या नि दह्यातली मिरची बांधून घेऊन, दीडशे किलोमीटर गाडी चालवून, या सुशिक्षित बायका लोकांचे गोठे बघून आल्या. साताऱ्याकडच्या माझ्या मामीला मी फोनवर हे सांगितलं. ती म्हणाली, ‘आमच्याकडं या म्हणावं, शेणही काढायला मिळेल.’

जूनमध्ये गोष्ट चव्हाट्यावर आली. अगदी शब्दशः. जूनच्या दुसऱ्या शनिवारी जगभर लोक चारचौघांत बसून विणतात. २००५ पासून हा दिवस पाळतात म्हणे. सार्वजनिक ठिकाणी अमुक करू नये, तमुक करू नये अशा पाट्या वाचत आम्ही लहानाचे मोठे झालो, त्यात विणकाम नव्हतं हे खरं, पण म्हणून काय! १४ जूनला लेकशोरवरच्या एका बागेत बारा-पंधरा खुर्च्या गोल मांडल्या होत्या. जॉगिंग करणारे तरुण थांबून थांबून बघत होते, एकानं तर कानातलं काढून टोपीला किती लोकर लागते ते विचारलं.

त्याच आठवड्यातली दुसरी बातमी त्याहून तिखट. अल्बर्टातल्या लेथब्रिजच्या एका बाईंनी २०११ मध्ये ११ जून हा आंतरराष्ट्रीय यार्न बॉम्बिंग दिवस म्हणून सुरू केला. म्हणजे काय, तर रात्री गुपचूप जायचं आणि झाडांना, दिव्याच्या खांबांना, बाकांना विणलेले कपडे चढवायचे. भिंती रंगवणारी पोरं असतात ना, तसा हा सभ्य घरातला गुन्हा. या विद्येवरचं एक गाजलेलं पुस्तकही व्हँकुव्हरच्या दोघींनी २००९ साली लिहिलं. आता बघा, २०२५ साली वटपौर्णिमा आली १० जूनला. इथं वड कुठला? कुणी कुंडीतल्या रोपाला सूत गुंडाळतं, कुणी चित्राला. १० तारखेच्या रात्री काकूंनी आपल्या घरासमोरच्या मेपलला गुडघाभर उंचीपासून हात पोचेल तिथवर लाल-पिवळ्या पट्ट्यांचा विणलेला अंगरखा घातला. काकांनी टॉर्च धरला होता. सकाळी मंडळातल्या बायकांनी विचारलं तर सांगितलं, ‘वटपौर्णिमा.’ गोऱ्या शेजाऱ्यांनी विचारलं तर ‘यार्न बॉम्बिंग.’ दोन्हीकडून कौतुक! सात जन्म हाच नवरा मागितला का, असं मी हळूच विचारलं. म्हणाल्या, ‘टॉर्च नीट धरतो.’

आणि मंडळाची बैठक! कुठलं मंडळ ते विचारू नका. काकू पहिल्या रांगेत बसल्या, पिशवीतून दोन गुंडे काढले, एक लाल, एक हिरवा. कुणाला आधी काही वाटलं नाही. पण मॉन्ट्रिअलची २०१९ ची हकिकत ज्यांना माहीत होती, त्यांना घाम फुटला. तिथल्या एका बरोच्या, म्हणजे शहरातल्या एका विभागाच्या, तेव्हाच्या महापौर सू मॉन्टगोमेरी नगरपालिकेच्या सभेत विणत बसायच्या. पुरुष बोलत असला की लाल, बाई बोलत असली की हिरवा. सभेत बायका जवळजवळ निम्म्या, आणि विणलेलं झालं बहुतेक सगळं लाल. त्याचा फोटो जगभर गेला. आमच्या मंडळात खजिनदार जमाखर्च वाचायला उठले, लाल. माजी अध्यक्षांनी आपल्या काळात काय होतं ते सांगितलं, लाल, आणखी लाल, गुंडा संपत आला तरी लाल. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं आणि अध्यक्षांनी घाईघाईनं विचारलं, ‘महिलावर्गापैकी कुणाला काही बोलायचंय का?’ तीन ओळी हिरव्या झाल्या. गणपतीच्या स्वयंपाकाची कामं वाटायची होती.

लोकांना राहवत नाही, ते विचारतातच. ‘विकता का?’ नाही. ‘मग नातवंडांना?’ एकेक दिलं, पुरे झालं. ‘मग एवढं करायचं कुणासाठी?’ यावर काकू टाके मोजत असतात, उत्तर देत नाहीत. एकदा काकांनीच हिशेब काढला. पस्तीस डॉलरची हातानं रंगवलेली लडी, तिचा एक मोज्यांचा जोड, त्यात दोन आठवडे. डॉलरामात मोजे काय भावानं मिळतात, ते आपल्याला ठाऊक आहे. आवक शून्य. काकू बँकेतल्या, हिशेबाला भीत नाहीत. त्यांनी न्यूफाउंडलंडची गोष्ट काढली. तिथल्या किनाऱ्यावरच्या वाड्यावस्त्यांना ना डॉक्टर होता ना नर्स. १९२० मध्ये तिथं नर्सेस आणायला एक संस्था निघाली आणि १९२४ पासून ती नोनिया या नावानं ओळखली जाते. गावोगावच्या बायकांना लोकर द्यायची, त्यांनी विणायचं, आणि विकून येणाऱ्या पैशातून नर्सचा पगार भागवायचा. १९३४ साली सरकारनं नर्सेसचं काम आपल्याकडे घेतलं, विणकाम मात्र थांबलं नाही. सेंट जॉन्सला वॉटर स्ट्रीटवर त्यांचं दुकान आजही आहे. ‘सुयांनी दवाखाने चालवलेत,’ काकू म्हणाल्या. काका थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, ‘ते ठीक आहे, पण आपल्याला कुठल्या नर्सचा पगार द्यायचाय?’

‘कुणाचाच नाही,’ काकू म्हणाल्या, ‘म्हणून तर मजेत विणतेय.’

ऐकलंत? निवृत्त बाई, वय पासष्ट, उघडउघड कबूल करते की मजेत आहे. गुडघ्यांविषयी बोलत नाही, सुनेविषयी बोलत नाही, नायगाऱ्याला येत नाही. आम्ही बोलायचं तरी कशावर? माझं स्पष्ट मत आहे, हे प्रकरण हाताबाहेर गेलंय, आणि बुधवारच्या बैठकीला नव्या बायका येतच आहेत, त्यामुळं ते आवरेल असंही दिसत नाही.

तुम्हाला काकूंकडे जायचंच असेल तर आधी फोन करा. उन्हाळ्यात मंगळवार, गुरुवार आणि शनिवार हे सेंट जेकब्सच्या बाजाराचे दिवस, तेव्हा त्या घरी सापडायच्या नाहीत. बाकीच्या दिवशी जा, पण ताट मांडीवर घेऊन जेवायची तयारी ठेवा, आणि जिन्याच्या वळणावर बिनमुंडक्याची बाई उभी असेल, तिला दचकू नका.